आठ सिलेंडरची खंडेनवमी

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा' असं संपादकबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, माझा जन्म ग्रीसमध्ये हात घालण्यात गेला, मला काय लिहायला येतंय? त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा, फक्त कंपन्यांची नावं घेऊ नका आणि शिव्या गाळा. आता शिव्या गाळल्या तर आमच्या धंद्यातलं निम्मं बोलणंच जातं. तरी प्रयत्न करतो.

मी दिलीप. ब्रिस्टलमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. आलो होतो विमानांच्या इंजिनांच्या टेस्टिंगला, कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि मी राहिलो. आमच्याकडे मुख्यतः जुन्या अमेरिकन गाड्या येतात, लांब बोनेटच्या, आठ सिलेंडरच्या, ज्यांना इथे 'मसल कार' म्हणतात. भोसरीच्या कारखान्यातल्या फिटरचा मुलगा इंग्लंडमध्ये बसून अमेरिकन गाड्या दुरुस्त करतो, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते म्हणायचे, "अरे, त्यांच्याकडे मेकॅनिक नाहीत का?"

धंद्याची सुरुवातच फजितीने झाली. पहिल्याच आठवड्यात एका गाडीचं इंजिन ठोके चुकवत होतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला 'मिसिंग' म्हणतात, गाडी मिसिंग मारतेय. मी मालकाला फोन केला आणि माझ्या स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "सर, युवर कार इज मिसिंग." मग तो माणूस पंधरा मिनिटांत धापा टाकत हजर, अंगात अर्धा कोट, हातात फोन, पोलिसांचा नंबर लावलेला. गाडी त्याच्यासमोर उभी. मी म्हटलं, "येस येस, मिसिंग!" तो आजही माझा गिऱ्हाईक आहे, आणि आजही आत येताना आधी गाडी जागेवर आहे का बघतो.

माझा पार्टनर टेरी. टेरी पक्का ब्रिस्टलचा, आणि इथली जुनी माणसं कोणालाही 'माय लव्हर' म्हणतात, भाजीवाल्यालाही आणि बसच्या ड्रायव्हरलाही. माझी बायको सुनंदा पहिल्यांदा डबा घेऊन वर्कशॉपला आली तेव्हा तिच्यासमोर टेरी मला म्हणाला, "ऑलराइट, माय लव्हर?" घरी गेल्यावर मला बरंच समजावून सांगावं लागलं.

टेरीकडे बॉडीचं काम आणि रोलिंग रोड, माझ्याकडे इंजिन. रोलिंग रोड म्हणजे जमिनीत बसवलेले मोठे रोलर. त्यावर गाडीची चाकं ठेवायची, पट्ट्याने गाडी बांधायची आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी जागच्या जागी पळते आणि चाकांपर्यंत किती घोडे पोचतात ते स्क्रीनवर दिसतं. हे यंत्र खोटं बोलत नाही, त्यामुळे त्याच्यापायी मी बऱ्याच पुरुषांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय.

एजवेअरचा निखिल त्यातला एक. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, गोड पोरगा. त्याने भगव्या रंगाची एक अमेरिकन गाडी घेतली होती आणि जुनं ब्रोशर लॅमिनेट करून आणलं होतं. त्यावर छापलेलं, तीनशे पन्नास हॉर्सपॉवर. रोलरवर आले दोनशे दहा.

"काका, बाकीचे घोडे कुठे गेले?"

"ब्रोशरमध्येच राहिले," मी म्हटलं.

त्याचा चेहरा बघवेना. मग त्याला चहा दिला आणि सगळी कथा सांगितली, ती इथेही सांगतो, कारण ती कळल्याशिवाय या गाड्या कळत नाहीत. साठीच्या दशकात डेट्रॉइटमध्ये मोठ्या गाडीला मोठं इंजिन, मध्यम गाडीला मध्यम, असा नियम होता. मग काही चावट इंजिनियरांनी मोठ्या गाडीचं इंजिन उचलून मधल्या गाडीत बसवलं. वरच्या साहेबांनी नाही म्हणू नये म्हणून ते 'जादा सोयी'च्या यादीत गुपचूप घालून दिलं. म्हणजे दोन खोल्यांच्या घरातल्या ओट्यावर मंगल कार्यालयाची शेगडी. पोरांनी रांगा लावल्या. मग सगळ्याच कंपन्या त्यात उतरल्या, आणि कोणाचे घोडे जास्त अशी चढाओढ लागली.

आता ते घोडे मोजायचे कसे? इंजिन गाडीतून बाहेर काढून टेबलावर ठेवायचं. पंखा नाही, डायनॅमो नाही, सायलेन्सर नाही, हवेची गाळणी नाही. अशा उघड्याबोडक्या इंजिनाचा आकडा ब्रोशरमध्ये जायचा. लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखंच हे, टाचांसकट मोजलेली. पुढे इन्शुरन्सवाले घाबरायला लागले, तर काही कंपन्या उलट मुद्दाम कमी आकडा छापू लागल्या. सत्तरीच्या दशकात नियम बदलला, सगळा संसार अंगावर असताना इंजिन मोजायचं ठरलं, आणि एका वर्षात ब्रोशरमधले घोडे धडाधड कमी झाले. थोडी इंजिनंही मवाळ केली होती म्हणा, पेट्रोल बदललं, धुराचे कायदे आले. पण बरेचसे घोडे मुळात कधी नव्हतेच.

निखिलने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "काका, स्क्रीनवर तीनशे येईल असं काही करता येतं का? नुसता फोटो काढायचाय." त्याला मी वर्कशॉपमधून हाकलला. नंतर वाईट वाटलं, आणि पुढच्या वेळी त्याच्या इंजिनाची टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, फुकट जुळवून दिली.

पण मला लिहायचंय ते वसुधाताईंबद्दल.

डॉक्टर वसुधाताई म्हणजे भूलतज्ज्ञ. तरुणपणी मुंबईहून लीड्सच्या हॉस्पिटलात आल्या, मग ब्रिस्टलला, आणि इथेच रिटायर झाल्या. आता पंचाहत्तर वर्षांच्या. उंची बेताची, आवाज खणखणीत. लीड्सला असताना हॉस्पिटलच्या आवारात कोणाची तरी अमेरिकन गाडी उभी असायची. ड्यूटी संपवून तो माणूस ती सुरू करायचा तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या खिडकीची काच थरथरायची. "मी तेव्हाच ठरवलं," त्या सांगायच्या, "एक दिवस असली घेणार. माझ्या सिनियरने विचारलं, काय बघतेस? म्हटलं, स्थळ बघतेय."

रिटायर झाल्यावर खरोखरच घेतली. गडद हिरवी, साठीच्या दशकाच्या अखेरीची, स्टिअरिंग डावीकडे, तीनशे घोडे, अर्थात ब्रोशरमधले. यजमान म्हणाले होते, "अगं, दारातून बस जाते की!" पण पुढे यजमान आजारी पडले, मग गेले, आणि त्या गाडीच्या नशिबी आलं केमिस्टकडे जाणं, भाजी आणणं, मंदिराच्या पार्किंगमध्ये उभं राहणं. वीस मैलांची स्पीड लिमिट आणि तीनशे घोडे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या माझ्याकडे आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "दिलीप, माझ्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झालाय. आज मी नियमात बसते. पुढच्या वर्षी बसणार नाही. कोणी लायसन्स काढून घ्यायच्या आधी मी स्वतःच ते पाठवून देणार आहे, दसरा झाला की."

मी हातातल्या फडक्याची उगाच घडी घालत बसलो.

"तोंड पाडू नकोस. माझी एक इच्छा आहे. या गाडीचा ॲक्सिलरेटर मी आजपर्यंत एकदाही खालपर्यंत दाबलेला नाही. एकदाही! अर्ध्याच्या खाली माझा पाय गेलेला नाही. एकदा, फक्त एकदा, पूर्ण दाबायचाय. रस्त्यावर नाही, रीतसर."

रीतसर जागा होती. इथून दोन तासांवर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. तिथे ठरावीक शनिवारी कोणीही आपली गाडी घेऊन जायचं, हेल्मेट घालायचं, लायसन्स दाखवायचं आणि सरळ पाव मैल पळवायची. शेवटी एक चिठ्ठी मिळते, त्यावर किती सेकंद लागले ते छापलेलं. सीझनचा शेवटचा शनिवार नेमका दसऱ्याचा होता. मी ताईंचं नाव नोंदवलं आणि गाडी कामाला घेतली.

दोन महिने त्या इंजिनावर मी जीव ओतला. हेड काढली, व्हॉल्व्ह बसवले, टॅपेट जुळवले. दसऱ्याच्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत गाडी अशी गुरगुरत होती की टेरीसुद्धा चहा खाली ठेवून ऐकत उभा राहिला. बुधवारी मला मेव्हणीच्या नातवाच्या बारशाला एजवेअरला जायचं होतं. बिनघोर गेलो.

गुरुवारी येऊन किल्ली फिरवली. गाडी मिसिंग! आणि थोडीथोडकी नाही, अंगात आल्यासारखी थडथडत होती.

"काल काही केलंस?" मी टेरीला विचारलं.

"डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला बारीक तडा दिसला. नवीन बसवली. तुझ्याच नंबरांप्रमाणे."

"चालू करून बघितलीस?"

"बघितली. हलत होती. पण अमेरिकन आहे ना, सगळ्याच हलतात."

ही डिस्ट्रिब्युटरची कॅप म्हणजे काय ते सांगतो. आठ सिलेंडर, चारचार दोन बाजूंना, विषम नंबर डावीकडे, सम उजवीकडे. प्रत्येकाला ठिणगी लागते, पण एक-दोन-तीन अशी क्रमाने नाही. या इंजिनाचा क्रम आहे एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. हा आमचा पाढा. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. कॅपमधून आठ वायरी निघतात आणि या क्रमाने ठिणगी वाटत जातात. कोणती वायर कोणाची हे कळावं म्हणून मी प्रत्येकीला चिकटपट्टीची चिठ्ठी लावून नंबर घालतो. वडील घालायचे तसा, माझ्या हातचा.

नंबर माझेच, तेव्हा ते तपासायचा प्रश्नच नव्हता. त्यातून या इंजिनात ती कॅप पार मागे, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला चिकटून, डोकं आत घातल्याशिवाय दिसत नाही. मी कार्ब्युरेटर काढला, धुतला, बसवला. आठही प्लग काढून बघितले, आठही ठिकाणी ठिणगी. कॉम्प्रेशन बघितलं, आठही उत्तम. पेट्रोल आहे, हवा आहे, ठिणगी आहे, आणि तरी गाडी थडथडतेय. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. दिवसभरात टेरीवर चार वेळा डाफरलो, त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. संध्याकाळी ताईंना फोन केला.

"ताई, जमेल असं वाटत नाही."

"उद्याचा दिवस आहे ना?"

"ताई, उद्या खंडेनवमी."

आता हे नव्या पिढीला सांगायला हवं. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा. पाने, पकडी, हातोड्या, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, दीड दिवस त्यांचा. वडिलांनी हे कधी मोडलं नाही, कारखान्यात साहेब ओरडला तरी. मी देवाचं फारसं करत नाही, पण हे एक मीही मोडलेलं नाही. टेरीला याची इतकी सवय झालीय की आदल्या दिवशी तो स्वतःच त्याचे पाने साबणाने घासून ठेवतो.

त्या रात्री मी सुनंदाला म्हटलं, या वर्षी मोडतो, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईसाठी बाबा रागावणार नाहीत. ती म्हणाली, "उद्या पूजा तर करू. मग बघ तुला काय वाटतं ते."

शुक्रवारी सकाळी पूजा मांडली. बाबांचा जुना पाना मधोमध. नारळ फुटला, आणि तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. वसुधाताई. अंगावर बारीक काठाची साडी, वर जाड कोट, हातात पेढ्यांचा डबा.

"अहो ताई, तुम्ही कशाला आलात?"

"पेशंट सिरियस आहे म्हणालास म्हणून. चालू कर गाडी."

"आज हत्याराला हात लावता येत नाही हो."

"किल्ली हत्यार आहे का?"

मी सुनंदाकडे बघितलं. सुनंदाने जरा विचार केला आणि निकाल दिला, "किल्ली हत्यार नाही. घराला पण असते."

टेरीने बोनेट वर केलं, मी किल्ली फिरवली. गाडी थडथडायला लागली. ताईंनी पर्समध्ये हात घातला आणि स्टेथोस्कोप काढला.

"ताई, हत्यार!"

"माझं आहे. तुझ्या पाटावर नाही. माझ्या हत्याराची पूजा मी करीन तेव्हा करीन."

त्या वाकल्या, स्टेथोस्कोप इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि डोळे मिटले. उजव्या हाताचं एक बोट हवेत हलत होतं. टेरी टोपी काढून उभा राहिला, का ते त्यालाच माहीत. दीडेक मिनिट असं गेलं. मग त्या सरळ झाल्या.

"दिलीप, चुकणारी नाडी दोन तऱ्हेची असते. एक मनमानी, केव्हाही चुकते. दुसरी नेमाने चुकते, ठरल्या जागी. ही नेमाने चुकतेय. प्रत्येक फेरीत एकच खड्डा, त्याच जागी. पण रुंद आहे. एका ठोक्याचा नाही वाटत."

मी गुरुवारभर पाने फिरवत होतो, पण असा उभा राहून ऐकलं नव्हतं. आता हातात काही नव्हतं, म्हणून ऐकलं. ताई म्हणत होत्या तसंच होतं. कार्ब्युरेटर बिघडला असता तर आठही जणांनी कुरकुर केली असती. इथे ठरावीक जण चुकत होते, आणि तेही लागोपाठचे.

तेवढ्यात सुनंदा तांब्या आणि झेंडूचं फूल घेऊन आली. "सगळ्या हत्यारांची पूजा झाली आणि या बिचारीची राहिलीच की," असं म्हणून तिने फुलाने चालू इंजिनावर पाणी शिंपडलं. मी ओरडणारच होतो. इंजिनातून धूर बाहेर नेणारे आठ पाइप, प्रत्येक सिलेंडरचा वेगळा. तापलेल्या पाइपांवर थेंब पडले, चर्र, चर्र, चर्र. डाव्या बाजूचे चारही चरचरले. उजवीकडे पहिला चर्र. दुसऱ्यावर थेंब नुसता बसून राहिला. तिसरा चर्र. चौथ्यावर पुन्हा थेंब बसून.

"थांब!" मी किंचाळलो. "परत शिंपड!"

"आत्ता तर ओरडायला निघाला होतास."

"अगं, शिंपड!"

परत तेच. दोन पाइप थंड, म्हणजे ते दोन सिलेंडर पेटतच नव्हते. उजवीकडचा दुसरा म्हणजे चार नंबर, आणि शेवटचा म्हणजे आठ. मी आमचा पाढा म्हटला. एक-आठ-चार. लागोपाठचे! ताईंचा रुंद खड्डा!

"फोर अँड एट," मी टेरीला म्हटलं. गाडी बंद केली. टेरीने फोनचा टॉर्च लावला, डोकं आत घातलं, आणि तिथूनच म्हणाला, "इथे तर सगळं ठीक आहे. वनच्या नंतर एट. हा बघ तुझा एट."

मी त्याच्या शेजारी डोकं घातलं. त्याचं बोट ज्या चिठ्ठीवर होतं तिच्यावर माझ्या हातचा आकडा होता: ४.

मी विचारलं, "टेरी, हा कोणता?"

"एट."

"आणि हा?" मी पुढच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. ८.

"तो काय आहे मला कळलंच नाही, माय लव्हर. पण फोरची जागा रिकामी होती आणि एवढी एकच वायर उरली होती."

मी वीस वर्षं मराठीत नंबर घालतोय. आणि मराठी चार हुबेहूब इंग्रजी आठ दिसतो, हे वीस वर्षांत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, कारण वायरी नेहमी मीच लावायचो. बिचाऱ्या टेरीने १ ची जागा कॅपवरच्या खुणेवरून ओळखली, २ आणि ३ दिसतातच तसे, ५, ६, ७ वायरींची लांबी बघून जुळवले. चाराबद्दल त्याला शंकासुद्धा आली नाही. ठिणगी दोघांनाही मिळत होती, फक्त एकाची दुसऱ्याच्या वेळेला.

टेरी मला पूर्वी दोनतीनदा म्हणाला होता, नंबर इंग्रजीत घाल. आणि मी काय म्हणालो होतो? "तू शीक की!" हे आठवलं आणि कान लाल झाले. गुरुवारी ज्याच्यावर चार वेळा डाफरलो, त्याची चूक नव्हती. चूक माझ्या माजाची होती. मी त्याला सॉरी म्हटलं, सगळ्यांसमोर, स्पष्ट.

ताईंना मी ४ आणि ८ दाखवले. त्या अशा हसायला लागल्या की त्यांना स्टूल द्यावं लागलं. "अरे, म्हणजे हिला आजार काहीच नव्हता," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "केस पेपर मराठीत होते!"

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढेच. कॅपवरच्या त्या दोन वायरींची अदलाबदल करायला पाना लागत नाही, पकड लागत नाही, काहीही लागत नाही. हाताने ओढायची, हाताने दाबायची. मी पाटावरच्या बाबांच्या पान्याकडे बघितलं आणि दोन वायरी बदलल्या. किल्ली फिरवली. आठही जण एका सुरात उठले, खिडकीची काच थरथरली. ताईंनी स्टेथोस्कोप लावलाच नाही, नुसत्या बसून ऐकत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. आम्ही पेढे खाल्ले. टेरीने पाच खाल्ले.

शनिवारी, दसऱ्याला, धावपट्टीवर गेलो. बाकीच्या सगळ्यांबरोबर हत्यारांच्या पेट्या होत्या, ट्रॉल्या होत्या. माझ्याबरोबर पुरणपोळीचा डबा होता. रेसला रिकाम्या हाताने आलेला मेकॅनिक त्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. मनात म्हटलं, बाबा, आज काही बिघडलं तर तुम्हीच बघा.

ताईंनी साडीऐवजी पँट आणि मुलीचं जुनं जॅकेट घातलं होतं. हेल्मेट घातल्यावर त्या फारच लहान दिसायला लागल्या. तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने लायसन्स बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, परत लायसन्स बघितलं.

"एनी प्रॉब्लेम?" ताईंनी विचारलं.

"नो, मॅडम. नॉट ॲट ऑल."

शेजारच्या लेनमध्ये कुटुंबाची वाटावी अशी एक पांढरी इलेक्ट्रिक गाडी आली, अगदी गपचूप. मी कुंपणाला धरून उभा होतो. टेरी माझ्या दंडाला चिमटे काढत होता. दिवे पिवळे, पिवळे, हिरवा.

आणि तो आवाज आला. मी त्या इंजिनाचा एकेक स्क्रू ओळखतो, पण तो आवाज मीही आधी कधी ऐकला नव्हता, कारण त्याआधी तसा पाय त्यावर कधी पडलाच नव्हता. मागची चाकं क्षणभर धूर ओकत फिरली, नाक वर झालं, आणि हिरवी गाडी सरळ रेषेत सुटली. सुनंदा चक्क शिट्टी वाजवत होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तिला शिट्टी येते हे मला तेव्हा कळलं.

धावत पट्टीच्या शेवटी गेलो. ताई अजून स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या, हेल्मेटची काच वर. खिडकीतून त्यांनी चिठ्ठी पुढे केली. पंधरा पूर्णांक आठ सेकंद.

"इथे आपटा कुठे मिळायचा," त्या म्हणाल्या. "हेच सोनं घे."

मी खाली वाकून नमस्कार केला, गाडीच्या दारातूनच. त्यांनी माझ्या टकलावर हात ठेवला.

"शेजारी कोण होतं रे?"

"इलेक्ट्रिक गाडी होती, ताई. ती तुमच्याआधी केव्हाच पोचली."

"हो का? मला दिसलीच नाही," त्या म्हणाल्या. "ऐकू पण आली नाही."

मग त्या उतरल्या, किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेल्या. "परतताना तू चालव. इथून पुढे तूच चालवायचीस. मी शेजारी बसून ऐकणार." पुढच्या आठवड्यात त्यांनी लायसन्स पाकिटात घालून पाठवून दिलं, चिठ्ठीची माझ्याकडून घेतलेली झेरॉक्स फ्रिजवर लावली आणि मला फोन करून सांगितलं की काम झालं. आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

वर्कशॉपमध्ये मी आजही नंबर मराठीतच घालतो. फक्त भिंतीवर आता एक मोठा कागद आहे, १ ते ८, त्याखाली इंग्रजी आकडे, आणि चारासमोर टेरीने लाल पेनने लिहिलंय, 'नॉट एट!' या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर बाबांच्या पान्याशेजारी एक स्टेथोस्कोपही होता. ताईंनी स्वतः आणून ठेवला.

पण त्या दसऱ्याच्या परतीच्या प्रवासाचं सांगायचं राहिलं. मोटरवेवर मी सत्तरला, अगदी शहाण्यासारखा चाललो होतो. शेजारी ताई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, दमून झोपल्या. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "दिलीप, उजवीकडे एक बारीक खड्डा पडतोय. नेमाने."

"ताई, आता काही नाही हो. आठही मस्त चाललेत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि परत डोळे मिटले.

सोमवारी पाटावरून बाबांचा पाना उचलला आणि उजवीकडचे प्लग काढून बघितले. सहा नंबरच्या प्लगमधली ठिणगीची फट गुरुवारी घाईत मी जुळवायचीच विसरलो होतो.